मीराबाईंच्या एकशे बेचाळीस कमानी

गोधडी म्हटलं की आपल्या लोकांना गहिवर येतो. आजीच्या साड्या, आजीची ऊब, आजीच्या हातचे टाके, आणि पाच मिनिटांत डोळ्यांच्या कडा ओल्या. माझ्या सासूबाईंना मात्र राग येतो. चांगला नाकपुड्या फुलवून येणारा राग. त्यांचा बघून बघून हल्ली मलाही यायला लागलाय, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सासूबाईंचं नाव मीराबाई. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या अकोल्याकडे सासूला आत्याच म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि आवाज असा की हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये दोन मजले वर नि दोन मजले खाली ऐकू जातो. सासरे, म्हणजे दादाराव, वीज मंडळात वायरमन होते. ते गेल्यावर समीरने, माझ्या नवऱ्याने, आईला इकडे सिंगापूरला आणलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. येताना त्यांच्या सामानात चार साड्या, बाबासाहेबांची तसबीर आणि कापडात गुंडाळलेली शिंप्याची मोठी कात्री होती. कात्री त्यांना विमानात मांडीवर घेऊन बसायचं होतं. ती मोठ्या बॅगेत टाकायला लावली म्हणून नागपूरच्या विमानतळावरच त्यांचं पहिलं भांडण झालं.

आत्या मशीनवाल्या. हे नीट ध्यानात ठेवा, कारण भलेभले इथेच चुकतात. अकोल्यात तीस वर्षं त्यांनी शाळांचे गणवेश शिवले. खाकी चड्ड्या, निळे पिनाफोर, पांढरे शर्ट, सगळे पायमशीनवर. त्यांच्या टिपेला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही. इथे समीरने त्यांना विजेची छोटी मशीन घेऊन दिली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी असते. शेजारच्या आंटीच्या पँटा आखूड करून देण्यापासून आमच्या पडद्यांपर्यंत सगळं तिथेच होतं. पण नऊवारी नेसलेली म्हातारी दिसली रे दिसली की लोक तिच्या हातात मनातल्या मनात सुईदोरा देतात आणि जुन्या चिंध्या तिच्या पुढ्यात टाकतात. मशीन कोणालाच दिसत नाही.

माझी मुलगी एकता सत्तावीस वर्षांची, तांजोंग पगारला एका बँकेत नोकरीला. गेल्या जूनमध्ये तिचं लग्न ठरलं. मुलगा तन्मय, पुण्याचा, पण तोही इथेच वाढलेला. आमचं बौद्ध घर, त्यांचं ब्राह्मणाचं. मुलांना त्याचं काही नव्हतं, मोठ्यांनी काही आहे असं दाखवलं नाही. नोव्हेंबरची तारीख, आधी रजिस्टर लग्न आणि मग हॉलवर बुद्धवंदना, असं ठरलं. मग एक दिवस एकता फोन नाचवत आत्यांकडे गेली.

"आजी, मला ही पाहिजे. वेडिंग रिंग क्विल्ट. आजीच्या हातची ऊब पाहिजे मला! आपण स्टेजच्या मागे लावू."

आत्यांनी चष्मा लावून फोटो मोठा केला. कापडाच्या छोट्या छोट्या पाचरी जोडून एकेक कमान केलेली, कमानी जुळून गोल अंगठी, आणि प्रत्येक अंगठी शेजारच्या अंगठीत अडकलेली. सरळ शिवण औषधालाही नाही, सगळंच वळणाचं.

"हे शिवणारीचा हात चांगला आहे," आत्या म्हणाल्या. परकीच्या कामाची अशी स्तुती मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

कम्युनिटी क्लबमध्ये दर बुधवारी दुपारी क्विल्टचा वर्ग असतो. शिकवणाऱ्या मिसेस गो, सत्तरीच्या, गळ्यात टेप आणि मनगटावर टाचण्यांची उशी. मी अर्धा दिवस रजा टाकून दुभाषी म्हणून गेले. आत्यांना बघून मिसेस गोंचा चेहरा खुलला.

"आंटी, यू डू इंडियन स्टाइल ला! ओल्ड सारी, ऑल बाय हँड. व्हेरी ब्युटिफुल."

मी भाषांतर केलं, इथल्या लोकांच्या वाक्याशेवटचा 'ला' गाळून आणि जरा सौम्य करून. आत्यांनी वर्गभर नजर फिरवली.

"तिले सांग, मी हातानं शिवायले नाही आलो. मशीन कोणती घेऊ, ते विचार."

मिसेस गो बाई समजूतदार. त्यांनी हसून कोपऱ्यातली मशीन दाखवली आणि टेबलावर तीन नमुने मांडले. ही गोधडी तीन तऱ्हांनी होते, म्हणाल्या. पहिली तऱ्हा, पुठ्ठ्याच्या साच्याने पाचरी कापायच्या नि एकाला एक जोडत जायच्या. दुसरी, अख्ख्या पांढऱ्या कापडावर तयार कमानी ठेवायच्या आणि वरून कडेने टाचून टाकायच्या. तिसरी, कमानीचं चित्र कागदावर छापायचं, कापड कागदाच्या मागे धरून छापलेल्या रेघेवर टीप मारायची, आणि शेवटी कागद फाडून काढायचा. वयाच्या मानाने दुसरीच बरी, असं त्यांनी हळूच सुचवलं. वळणाची शिवण जोडावी लागत नाही, डोळ्यांना त्रास नाही.

आत्यांनी तिन्ही नमुन्यांचे फोटो काढायला लावले आणि घरी आल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिन्ही तऱ्हांनी एकेक अंगठी शिवून बघितली. रविवारी सकाळी तिन्ही अंगठ्या जेवणाच्या टेबलावर मांडून आम्हाला बोलावलं, आम्ही म्हणजे जणू परीक्षेला बसलेली पोरं.

"ही पहिली. एका पाचरीत सुतभर फरक. सहा पाचरीत बोटभर. अंगठी मिटत नाही, पाह्य."

खरंच मिटत नव्हती, टोकाशी फट होती.

"अन् ही दुसरी?" मी विचारलं. मला तीच सगळ्यात छान दिसत होती. गुळगुळीत, सपाट, कुठे सुरकुती नाही.

"हे ठिगळ आहे."

"ठिगळ कसलं, आत्या? किती सुबक झालंय!"

"वरून लावलं ते ठिगळ. सुबक असलं तरी ठिगळच. अंगठीत अंगठी गुतली पाह्यजे, वरून चिकटवलेली नको." त्यांनी ती अंगठी उचलली आणि सरळ पायपुसण्याच्या ढिगात टाकली. दोन-तीन दिवसांचं काम! माझा जीव कळवळला, त्यांचा नाही.

राहिली तिसरी, कागदाची. सगळ्यात कटकटीची. "रेघ सांगन तिथंच टीप बसते," आत्या म्हणाल्या. "मंग कोणी म्हणू शकत नाही का म्हातारीचं वाकडं झालं."

पाच ओळी, ओळीत सहा, अशा तीस अंगठ्या. हिशेब त्यांनीच बोटांवर केला, एकशे बेचाळीस कमानी. तेवढे कागद छापून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी पाया लेबारच्या माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळा गठ्ठा छापला आणि मोठ्या ऐटीत आणून दिला. आत्यांनी टेप काढली, एक कागद मोजला, दुसरा मोजला आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. प्रिंटरने आपल्या शहाणपणाने चित्र पानात बसवायला जरासं लहान केलं होतं. अगदी जरासं. मी म्हटलं, सगळेच सारखे लहान झालेत, काय बिघडलं?

"मी कमानींच्या मधली पांढरी पानं कापलीत आधीच. मोठी. तू इंजिनेर हाय ना?"

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत छापले.

कापडाला आम्ही त्याआधीच अरब स्ट्रीटला गेलो होतो. आत्यांनी पांढरं सुती घेतलं, आणि कमानींसाठी निळ्याच्या सहा छटा, आकाशीपासून शाईपर्यंत, अध्येमध्ये थोडा पिवळा. सगळं थानातून फाडून घेतलं. दुकानदार उरलेले तुकडे स्वस्तात देत होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, हौस आहे म्हातारीची. मला तरी तेव्हा कुठे काय ठाऊक होतं?

ऑगस्टमधल्या एका शनिवारी उल्काताई आल्या. उल्काताई म्हणजे तन्मयची आई, माझी होणारी विहीण. बाई वाईट नाही, आधीच सांगते. एका मोठ्या कंपनीत पंधरा माणसं हाताखाली, बोलणं गोड, वेळेवर येणारी. आल्या आल्या त्या जमिनीवर पसरलेल्या कमानींपाशी वाकल्या.

"किती सुरेख! पण निळा जरा जास्त नाही का होत, आजी?"

"जास्त व्हावा म्हणूनच घेतला," आत्या म्हणाल्या.

उल्काताई हसल्या. मीही हसले, उगाच. मग त्यांनी सोबत आणलेली मोठी कापडी पिशवी उघडली आणि एकेक साडी बाहेर काढून सोफ्यावर ठेवली. दोन इरकली, एक नारायणपेठ, एक जांभळी पैठणी. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला.

"या सगळ्या गोधडीसाठी. जुनं कापड कसं मऊ असतं ना. आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटंसुद्धा जुन्या लुगड्याचंच करतात. मला वाटलं, दोन्ही घरांचं काहीतरी एकत्र येईल त्यात."

आत्यांनी इरकलीच्या काठावर बोट फिरवलं. कापडाची पारख त्यांच्या बोटांत आहे.

"कोणाच्या आहेत?"

"आमच्या सासूबाईंच्या."

"त्या गेल्या ना?"

"हो, गेल्या वर्षी. फार जपून वापरायच्या हो."

आत्यांनी बोट उचललं, चटका बसल्यासारखं. "नाही चालत. घेऊन जा."

"अहो, एक काठ जरी लावलात तरी..."

"मले कोणाचं उतरलेलं नको."

उल्काताईंचा चेहरा पडला. "उतरलेलं? आजी, मी प्रेमाने आणलंय."

"प्रेमानंच देत होते," आत्या म्हणाल्या आणि मशीनकडे तोंड करून बसल्या. टीप सुरू झाली. उल्काताईंनी चहा घेतला नाही. दारापर्यंत सोडायला गेले तर म्हणाल्या, "साड्या राहू देत इथे. विचार करा." आणि लिफ्टचं दार बंद झालं.

खोटं कशाला सांगू, मला आधी आत्यांचाच राग आला. लग्न तीन महिन्यांवर, आणि ही बाई विहिणीच्या तोंडावर "घेऊन जा" म्हणते! जरा गोडीने सांगता आलं नसतं? संध्याकाळी उल्काताईंचा मेसेज आला. आमच्या सासूबाईंच्या साड्या नाकारून केलेली गोधडी स्टेजवर लावली तर आमच्याकडच्या लोकांना मी काय सांगू, तेव्हा ती हॉलमध्ये नको, घरी द्या एकताला. अगदी सभ्य भाषेत. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे झालं काय, की आता मला दोघींचाही राग आला होता, आणि मध्ये मी, इकडे आड तिकडे विहीर.

मी मेसेज आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"ठीक आहे. जिथं माह्यं काम चालत नाही, तिथं मी तरी काहून चालन? मी घरी राह्यतो लग्नाच्या दिवशी."

"आत्या!"

"गोधडी नाही तर मी नाही."

आणि ही बाई बोलली म्हणजे बोलली. सख्ख्या भावाच्या मुलाच्या लग्नात नवरीकडच्यांनी आमच्या लोकांची पंगत वेगळी मांडली म्हणून तिथून न जेवता उठून आलेली आहे.

तेवढ्यात एकता ऑफिसातून आली. तिला तन्मयकडून सगळं कळलेलं होतं. बॅग खुर्चीवर फेकून ती आजीसमोर जमिनीवरच बसली.

"आजी, व्हाय यू लाइक दॅट? एक पीस लाव ना. जस्ट वन पीस, ला! मागच्या बाजूला लाव. कोणाला दिसणार पण नाही."

"मले दिसन."

"माझं लग्न आहे, आजी! तू येणार नाहीस? एका साडीसाठी?" लहानपणापासून एकताला आजीनेच सांभाळलंय, शाळेच्या बसपाशी आजीच उभी असायची. ती रडायला लागली तशी मीसुद्धा म्हणाले, आत्या, पोरीसाठी तरी.

आत्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी जे सांगितलं ते सत्तावीस वर्षांच्या नातीला ठाऊक नव्हतंच, पण तीस वर्षं सून असलेल्या मलाही नव्हतं.

"मी चौथीत होतो. पूर्णेकाठी आमचं गाव. गावात मोठ्या घरची म्हातारी मेली का तिचे लुगडे आमच्या वस्तीत येत. कोणी मागायचं नाही, ते देतच. चांगल्या मनानं देत. तसं एक लुगडं आलं, हिरवं, लाल काठाचं. मायनं त्यातला धड भाग काढून मले परकर शिवला, उरलं ते वाकळीत घातलं. मी परकर घालून शाळेत गेलो, लय खुशीत. तर त्या घरची पोरगी माह्या वर्गात. सगळ्यांच्या समोर म्हणे, हे काठ आमच्या आजीचे आहेत. मेली तेव्हा अंगावर हेच होतं."

एकता रडायची थांबली.

"अन् मास्तर हसला," आत्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. घरी येऊन मायले सांगितलं. मायनं परकर काढायले लावला. दोन्ही वाकळी घेतल्या, बापाचा दिलेला कोट घेतला, घरात जे जे उतरलेलं होतं ते सगळं नदीच्या रेतीत नेलं अन् पेटवून दिलं. थंडीचे दिवस. तो हिवाळा आम्ही पाच जण गोणपाटात झोपलो. धम्म घेऊन चार वर्षं झाली होती आमाले. पण माय म्हणे, आज खरा घेतला."

मी स्वतः वर्ध्याची, अशा गोष्टी ऐकतच मोठी झालेली. पण हा परकर मी कधी ऐकला नव्हता.

"तवाच ठरवलं का मशीन शिकायची. थानातून फाडलेलं कापड, अन् पहिल्यांदा अंगाला लागणार ते आपल्याच. तीस वर्षं मी हजारो पोरायले नवं घातलं, एकता. आता माह्याच नातीच्या अंथरुणात मेलेल्या बाईचं लुगडं घालू? ती बाई कितीही चांगली असो."

"मला का नाही सांगितलंस कधी?" एकताने विचारलं, अगदी स्वच्छ मराठीत.

"तू कुठं विचारलं? तू तर ऊब ऊब करत होती."

एकता डोळे पुसून उठली, फोन घेतला. "मी तन्मयला सांगते. तो आईला समजावेल."

"कोणी कोणाले समजवू नका. शिवण माह्यं आहे, जबाबही मीच देतो. शनिवारी उल्काताईच्या घरी चाल म्हण तुह्या मायले माह्यासंगं."

आठवडाभर आत्यांनी काय केलं, तर त्या चारही साड्या उन्हात टाकून वास घालवला, हलक्या हाताने इस्त्री केल्या, घडीघडीत पांढरा कागद घातला. पैठणीचा एक धागा सुटला होता तो आत घेऊन बसवला. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाल्या, "कापडाचा काय गुन्हा?"

शनिवारी आम्ही दोघी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालो. पिशवी मी मागितली, दिली नाही. उल्काताईंच्या काँडोच्या गेटवर गार्डने नाव विचारलं, तेव्हा आत्यांनी माझ्या आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, खणखणीत.

उल्काताईंनी दार उघडलं, या म्हणाल्या. चेहरा कोरा. आत्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची स्वतःच ओढली आणि ती परकराची गोष्ट जशी आम्हाला सांगितली तशीच सांगितली. मास्तरासकट, नदीसकट. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. मी उल्काताईंकडे बघत होते. त्या खाली बघत होत्या.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," शेवटी त्या म्हणाल्या.

"माहीत नव्हतं त्याचा राग नाही. आता माहीत झालं. आता पाहू."

उल्काताईंनी पिशवीत हात घातला, वरच्या इरकलीची इस्त्री बघितली, सावरलेला धागा बघितला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं होतं, सासूबाईंचं काहीतरी त्या दोघांच्या घरात असावं. त्यांचा तन्मयवर फार जीव होता. आता काहीच नसणार का त्यांचं?"

"मंग नेसा ना! लग्नात अंगावर घाला. तुमच्या सासूचं लुगडं तुम्ही नेसलं तर मान आहे. इतक्या चांगल्या साडीले कात्री काहून लावता? अन् ती माह्या हातानं?"

उल्काताईंनी इरकली उचलून मांडीवर घेतली. त्यांना हे सुचलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

"अन् गोधडीत काही द्यायचंच असन," आत्या उठता उठता म्हणाल्या, "तर हात द्या. कापड देणारे आम्ही लय पाह्यले, उल्काताई. मांडीले मांडी लावून शिवायले कोणी आलं नाही. उद्या दहा वाजता बसतो मी मशीनवर."

आम्ही निघालो. मेसेजचं काय, गोधडी स्टेजवर लागणार की नाही, आत्या लग्नाला येणार की नाही, कोणी काही बोललं नाही. परत येताना मला वाटत होतं, आता बहुतेक लग्नाचंच काहीतरी होऊन बसणार. आत्या शांतपणे खिडकीतून बघत होत्या.

रविवारी दहाला पाच कमी असताना बेल वाजली. दारात उल्काताई, साधा पंजाबी ड्रेस, हातात चष्म्याची डबी. "शिवण शाळेत शिकले होते तेवढंच," म्हणाल्या.

"तेवढं पुरतं," आत्या म्हणाल्या आणि त्यांना मशीनवर बसवलं.

पहिल्या कमानीला उल्काताईंनी कापड कागदाच्या भलत्याच बाजूला धरलं. आत्यांनी बघितलं आणि कात्रीचं टोक पुढे केलं. "उसवा."

दुसऱ्यांदा टाके इतके मोठे पडले की कागद फाडताना शिवणच सुटली. "उसवा."

तिसऱ्यांदा टीप रेघेच्या सुतभर बाहेर. उल्काताई म्हणाल्या, "आजी, एवढं चालेल ना? कोणाला कळणार आहे?"

"सहा पाचरीत बोटभर होते. उसवा."

पंधरा माणसांची साहेबीण मान खाली घालून टाके उसवत होती. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, लपवत नाही. सरबत देण्याच्या निमित्ताने मी चारदा तिथून फेरी मारली. दुपारी एकला त्यांची पहिली कमान जमली. आत्यांनी ती उजेडात धरली, नखाने शिवण दाबली. "बसली," म्हणाल्या. उल्काताई अशा हसल्या की जणू बोर्डात पहिल्या आल्या. जेवायला भाकरी नि मटण होतं, त्या मटण खात नाहीत, त्यांना पिठलं केलं. आमच्याच ताटात, आमच्याच पंगतीत.

त्या एकूण सहा रविवार आल्या. एकदाही कापड आणलं नाही.

नोव्हेंबरात लग्न झालं. हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या बाजूला ती गोधडी टांगली होती, पांढऱ्यावर निळ्या अंगठ्या, एकीत एक अडकलेल्या, तीसच्या तीस. आत्या पहिल्या रांगेत, पांढऱ्या नव्या साडीत, सकाळपासून येऊन बसलेल्या. उल्काताई सासूबाईंच्या इरकलीत. त्यांच्याकडची एक चुलत सासू पुण्याहून आली होती, ती गोधडीपाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, "अगबाई, जुन्या साड्यांची गोधडी ना ही? जुन्या कापडात काय ऊब असते, नाही?"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात उल्काताई मध्ये आल्या.

"एकसुद्धा कापड जुनं नाही, काकू. सगळं नवं, थानातून फाडून आणलेलं. आणि हाताची नाही, मशीनची आहे. आमच्या मीराबाईंची. यातल्या अठ्ठावीस कमानी मी शिवल्यात."

काकूंनी आ वासला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तो दोन मजले जाणारा आवाज आला.

"अठ्ठावीस नाही, सव्वीस. दोन मी उसवून परत शिवल्या."